हवेचा सातबारा: सोलापूरचा गड्डा आणि बिनतारी माईकची वारंवारता

१/ मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हा सोहळा वर्षातून एकदाच होतो. त्याचे ध्वनिमुद्रण खरखरीत वाया गेले, तर दुसरी संधी पुढच्या जानेवारीत. आणि त्या वर्षीचा आवाज मात्र कायमचा गेला. #थ्रेड #इतिहास

२/ तरीही बाहेरगावाहून येणारी चित्रपथके कॅमेऱ्याच्या भिंगावर आठवडाभर खल करतात आणि माईकची वारंवारता 'ऑटो'वर सोडून मोकळी होतात. याला तांत्रिक चूक म्हणणे पुरेसे नाही. हे इतिहासाचे अज्ञान आहे. हवेलाही हद्दी असतात, मालक असतात, फेरफार होतात. तिचा सातबारा न वाचता तिथे खुंटी ठोकता येत नाही.

३/ या सातबाऱ्यावरच्या पहिल्या नोंदी इंग्रजी अमलातल्या. १८८५ चा तार कायदा आणि त्यानंतर १९३३ चा बिनतारी कायदा. या दुसऱ्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरले. स्वातंत्र्यानंतरही घरच्या रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने संमत केला तो थेट २०२३ मध्ये.

४/ या सत्तेला आव्हान देणारे उदाहरणही महाराष्ट्रातलेच. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा वारंवार बदलली जाई, पण ४२.३४ मीटर ही तरंगलांबी उघडपणे घोषित होई. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. श्रोत्याला जे ऐकू येते ते पोलिसालाही ऐकू येते, हा हवेचा धर्मच आहे.

५/ हा धर्म आजही पालटलेला नाही. साध्या अॅनालॉग बिनतारी माईकमधून जाणारा आवाज त्याच वारंवारतेवर लावलेला कोणताही जुळणारा रिसीव्हर पकडतो. सोलापुरातल्या विडी कामगार स्त्रीने विश्वासाने सांगितलेली मजुरीची हकिगत शेजारच्या गल्लीत उमटू शकते. म्हणून बैठ्या मुलाखतीला सर्वोत्तम वारंवारता एकच: तार. जिथे माणूस चालणार, तिथेच बिनतारी.

६/ आता मिरवणुकीकडे. मालकी हक्काचा सर्वांत मोठा फेरफार २०२२ मध्ये झाला. त्या वर्षीच्या लिलावात सरकारने सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या लहरी विकल्या. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा रिलायन्स जिओने देशाच्या २२ही परिमंडळांत घेतला. ७०३ ते ७४८ वर फोन बोलतात, ७५८ ते ८०३ वर मनोरे उत्तर देतात.

७/ अमेरिकेने १२ जून २०१० पासून ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झमधील बिनतारी माईक बंद केले. ६०० चा पट्टाही २०१७ मध्ये विकला आणि त्यातील बहुतेक भागातून माईकना जुलै २०२० पर्यंत बाहेर काढले. परदेशातल्या नातेवाइकाकडून 'स्वस्तात' जुना संच मागवणाऱ्याने आधी त्यावरचे आकडे वाचावेत. तिथे हद्दपार झालेला माईक गड्ड्यावरही उपराच ठरणार.

८/ यावर एक ठरलेले उत्तर मिळते: "दूरदर्शनची जुनी जागा रिकामी झाली, तिथे जाऊ." २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक अॅनालॉग भूप्रक्षेपणे बंद झाली, हे खरे. पण पडीक शेत म्हणजे बेवारस शेत नव्हे. ६१२ मेगाहर्ट्झपासून पुढचा पट्टा त्याच लिलावात मांडला होता. बोली लागली नाही एवढेच.

९/ दुसरे उत्तर: "२.४ गिगाहर्ट्झ तर मोफत आहे." होय, २००५ पासून तो परवानामुक्त आहे. म्हणूनच तिथे वाय-फाय, ब्लूटूथ आणि यात्रेकरूंचे फोन एकत्र नांदतात. शिवाय त्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. पाण्याने भरलेली माणसाची शरीरे ती शोषतात. रिकाम्या मैदानात शंभर मीटर धावणारा माईक गर्दीत दहा पावलांवर गुदमरतो.

१०/ 'ऑटो' शोध का फसतो, तेही इथेच कळते. आदल्या सकाळी मैदान रिकामे असते, तेव्हाचा शोध रिकाम्या मैदानाचीच साक्ष देतो. शोध त्या दिवशी, त्या घटकेला, स्वतःचे सर्व ट्रान्समीटर बंद ठेवून घ्यावा. मग सर्व एकदम सुरू करून, मिरवणुकीच्या वाटेने चालून ऐकावे. एक मोकळी वारंवारता राखीव असावी.

११/ शत्रू बाहेरचाच असतो असेही नाही. तीन माईक ५२०, ५२१ आणि ५२२ वर समान अंतराने लावले, तर पहिले दोनच तिसऱ्याचा घात करतात: ५२१ ची दुप्पट वजा ५२० म्हणजे नेमके ५२२. दोन लहरींच्या मिश्रणातून तिसरी जन्मते. म्हणून अंतरे असमान ठेवावीत. हे गणित सातवीच्या मुलाला येते, पण पथकाला मात्र ते करायला सवड नसते.

१२/ दोष केवळ पथकांचा नाही. ब्रिटनमध्ये ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा देशभर फिरणाऱ्या माईकसाठी सामायिक परवान्यावर उपलब्ध आहे. सोलापूरहून विजयपूर, कलबुर्गीकडे जाणाऱ्या भारतीय ध्वनिमुद्रकाच्या जिभेवर असा एक तरी आकडा आहे काय? गावाला गायरान असावे हे जमीन महसुलाला कळते. हवेच्या महसुलाला ते कळू नये?

१३/ हा केवळ हौशी मंडळींचा हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही. मे १९३० च्या सोलापूर मार्शल लॉचे साक्षीदार गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना पाहिलेले डोळे मिटले. आता गिरणी कामगारांची पिढी मावळते आहे.

१४/ कागद फाटला तर जोडता येतो. खरखरीत बुडालेले वाक्य कोणीही परत आणू शकत नाही. साधनचिकित्सा मुद्रण झाल्यावर सुरू होत नाही. माईकचा आकडा निवडतानाच ती सुरू होते. हवेचा सातबारा जो वाचत नाही, त्याने मौखिक इतिहासाचा टेंभा मिरवू नये. (समाप्त)