बिनचढाचा किल्ला

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्यात असतो, पावसाळ्यात एक शनिवार-रविवार घरी बसत नाही, सगळा सह्याद्री पालथा घातलाय. त्याला म्हटलं, दिवाळीला कंधारला ये, किल्ला नीट बघू. तर म्हणतो कसा, "मामा, तो भुईकोट ना? मग तिथं चढायचं काय?"

आता याला काय सांगावं! पण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. महाराष्ट्रात किल्ला म्हटलं की डोंगर, धुकं आणि घामाघूम झालेले फोटो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. यात रुसण्यासारखं काही नाही, ती यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची होती. आमच्या किल्ल्याची जातकुळी वेगळी. पण तेव्हापासून चहाच्या टपरीवर एक सूर ऐकू येतो. आपल्याकडंही काहीतरी 'ॲडव्हेंचर' पाहिजे. तळ्यात बोटी सोडा, झिपलाइन टाका, 'आय लव्ह कंधार' अशी मोठाली अक्षरं उभी करा.

मला हे पटत नाही. सह्याद्रीची नक्कल करायला आमच्याकडं कडे नाहीत. बालाघाटाच्या ठेंगण्या टेकड्या आहेत, त्यावर सीताफळीची झुडपं आणि दगड. इथं बघायचं ते पाणी! गावाजवळून मन्याड वाहते, किल्ल्याभोवती रुंद खंदक आहे आणि गावाला लागून जगत्तुंग सागर. हे तळं राष्ट्रकूटांच्या काळातलं, म्हणजे हजार वर्षांहून जुनं. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलखात कुणीतरी हजार वर्षांपूर्वी पाणी अडवून धरलं आणि त्याच्या आधारानं नगर वसवलं. यापेक्षा मोठं आणखी काय दाखवायचं पाहुण्यांना?

शिवाय हे सगळं पायी होतं. सकाळी उन्हाआधी किल्ल्यात शिरावं. दुहेरी तट, बुरूज, लाल महाल, अंबरखाना, मशीद. राष्ट्रकूट, बहमनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम असे एकापाठोपाठ आले आणि प्रत्येकानं काही ना काही ठेवून गेले. मग तळ्याच्या पाळीवर यावं. तिथून क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष बघायला जावं. मूर्ती अखंड असताना पन्नास फुटांच्या आसपास उंच असावी असा अंदाज आहे. आज तुकडेच आहेत, पण नुसत्या पावलाशेजारी उभं राहिलं तरी माणूस गप्प होतो. शेवटी हाजी सय्याह दर्ग्यात सावलीला बसावं. अर्धा दिवस सहज जातो, आणि गुडघे दुखणाऱ्या आत्याबाईसुद्धा सोबत येऊ शकतात. (हरिहरच्या पायऱ्यांवर न्या बघू त्यांना!)

आमच्याकडं पर्यटन नव्यानं शिकवायची गरज नाही खरं तर. शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोड्या-गाढवांचा बाजार भरतो, लोक सहकुटुंब मुक्कामाला येतात. थंडीत मोकळ्या रानात हिंडणं, तीन दगडांची चूल, भाकरी... याला कुणी 'आउटडोअर' म्हणत नाही इतकंच.

आता पैशाचं. बोटी आणि झिपलाइन आल्या की ठेका एकाला मिळतो. पायी फिरणारा माणूस मात्र चहा पितो, भजी खातो, रिक्षा करतो, दुपारी कुठंतरी पिठलं-भाकरी शोधतो. कंधार, लोहा, मुखेडमधून दरवर्षी किती बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात ते आपण बघतोच. रविवारी शंभर पाहुणे आले म्हणून ती थांबणार नाहीत, एवढा भाबडा मी नाही. पण दहा घरांना चार पैसे मिळाले तरी ते गावातच राहतील. दोन-चार पोरांना शिकवून वाटाडे करता येईल. बारावी झालेली, गोष्ट रंगवून सांगणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत.

त्यासाठी लागतं काय? बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. प्यायचं पाणी. कुठं काय आहे ते सांगणारे, वाचता येतील असे फलक. खंदकातला कचरा आणि वेडी बाभळ काढणं. उद्घाटनाला यात फोटो चांगला येत नाही, अडचण बहुतेक तीच आहे.

आणि तळ्याच्या काठावर सिमेंट ओतू नका, हे हात जोडून सांगणं. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी गावांत शिरलं, माणसं गेली. पाण्याची वाट अडवून काठावर कठडे, स्टॉल आणि पार्किंग बांधायचं, हे पर्यटनाच्या नावाखाली तरी नको.

असो. भाच्यानं अजून हो म्हटलेलं नाही. बाकी कुणी येणार असाल तर दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत या, एप्रिल-मे मध्ये चुकूनही नको, तटाचे दगड तव्यासारखे तापतात. नांदेडहून लोह्यामार्गे एसटी मिळते. टोपी आणि पाण्याची बाटली आपली आपण आणा. जेवण आमच्याकडं.