घरखर्चाचा हिशेब : पिंप रिकामे की नळ बंद?

आपल्या वस्त्यांतून आता चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. त्या हौसेच्या कमी आणि पोटाच्या जास्त. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, कोणी मंडईत टेंपो लावतो. बहुतेक गाड्या जुन्या बाजारातल्या, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेल्या. अशी गाडी सकाळी सुरू झाली नाही तर त्या दिवसाची कमाई बुडते आणि महिन्याचा हप्ताही अडतो. म्हणून या आठवड्यात बॅटरी आणि आल्टर्नेटर यांविषयी लिहायचे आम्ही ठरवले.

गाडी सुरू होईना म्हणजे बॅटरी गेली, असे आपण धरून चालतो आणि नवी घेऊन मोकळे होतो. काही दिवसांत तीही बसते. असे का होते? बॅटरी म्हणजे घरातले पाण्याचे पिंप. ते फक्त साठा करते. आल्टर्नेटर म्हणजे नळ. इंजिन चालू असताना तो पट्ट्याच्या जोरावर फिरतो, वीज तयार करतो, दिवे-हॉर्न चालवतो आणि पिंपही भरतो. नळच बंद असेल तर नवे पिंप आणून काय उपयोग?

हे ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. साधे मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळते. चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतले तरी चालते. ते डीसी २० व्होल्टवर ठेवावे, लाल वायर बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आकडा यावा. १२.२ म्हणजे साठा निम्मा. १२ च्या खाली म्हणजे पिंप जवळजवळ रिकामे. मग गाडी सुरू करून पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.५ आला तर नळ चालू आहे. आधीच्या आकड्यापेक्षा तो वर सरकतच नसेल तर आल्टर्नेटर, पट्टा किंवा वायर यांत दोष आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असे समजावे. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा कमीजास्त करतो, तेथे जाणकाराला विचारावे.

आमच्या शेजारच्या चाळीतील एका बांधवाला अधिकृत सर्व्हिस सेंटरने आल्टर्नेटर, बॅटरी, पट्टा व मजुरी मिळून १७,४०० रुपये सांगितले. वहिनी भिशी उचलायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले व गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने आल्टर्नेटर उघडला, तर आतील कार्बन ब्रश झिजलेले. बॅटरी चार्ज करून तपासली, ती चांगली निघाली. सारे काम १,६०० रुपयांत झाले. भिशीचे पैसे मुलीच्या बारावीच्या क्लासला गेले.

याचा अर्थ सर्व्हिस सेंटर नेहमीच लुबाडते असा नव्हे. वॉरंटी शिल्लक असेल तर तेथेच जावे, बाहेर खोलू नये. पण सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खी वस्तू बदलण्याकडे तेथे कल असतो आणि बिल तेथेच फुगते. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नाही, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. म्हणजे ही तक्रार केवळ आपल्या वस्तीची नाही.

तेव्हा अंदाजपत्रक लेखी घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. पक्के बिल आणि बॅटरीचे गॅरंटी कार्ड जपून ठेवावे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कागद नसेल तर मात्र तक्रार लंगडी पडते.

शेवटी जिवाची काळजी. बॅटरीत गंधकाचे तीव्र आम्ल असते. काढताना ऋण टोक आधी सोडावे, विडी-सिगारेट दूर ठेवावी. इंजिन चालू असताना टोक कधीही काढू नये, आल्टर्नेटरचे डायोड जळतात. जुनी बॅटरी घरी फोडू नये. तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. नवी घेताना ती दुकानदारालाच द्यावी, तेवढी किंमतही वजा होते.

महिन्यातून एकदा मीटर लावून आकडा तारखेसह वहीत लिहावा. घरात शिकती मुलगी किंवा मुलगा असेल तर हे काम त्यांच्याकडेच सोपवावे.