अळंबी: रानातली आणि औषधातली

पावसाळ्यात भिवंडी परिसरात पाड्यांवरील स्त्रिया अळंबीचे वाटे मांडून बसतात. वारुळावरची ही अळंबी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची. ती अवश्य चाखावी. धोका असतो तो माळावरून आपणच खुडून आणलेल्या छत्र्यांचा. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. काही जातींतील अ‍ॅमॅटॉक्सिन हे विष शिजवूनही टिकते. उलट्या-जुलाब बहुधा ६ ते १२ तासांनी सुरू होतात. पुढे दिवसभर आराम वाटतो, आणि नेमके तेव्हाच यकृत निकामी होत असते. म्हणून ‘आता बरे आहे’ असे आजी म्हणाल्या, तरी उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

‘जादूची अळंबी नैराश्य घालवते’ असे निरोप आपल्यालाही आले असतील. त्यात तथ्यांश आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन देऊ शकतात. पण मोजक्या मात्रेत, देखरेखीखाली. भारतात ते १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येते. शिवाय त्याने रक्तदाब व नाडीचा वेग वाढतो. घरातील ज्येष्ठ उदास, अबोल झाले असतील, तर त्यांच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.