कर्ज किती वाटलं ते नको, फरक काय पडला ते सांगा

इन्सेंटिव्हच्या व्हिडिओत एक उदाहरण वेळेअभावी राहून गेलं. ते दुकानाचं नाही, परदेशी मदतसंस्थेचं आहे, पण दुकानदाराच्या कामाचं आहे.

उत्तर बांगलादेशात रंगपूर भागात भातकापणीच्या आधी हाताला काम नसतं. त्या उपासमारीच्या दिवसांना तिथे ‘मोंगा’ म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी काही कुटुंबांना शहरात मजुरीला जाण्यापुरतं बसभाडं दिलं, साधारण साडेआठ डॉलर. त्यामुळे २२ टक्के कुटुंबांनी एक माणूस बाहेर पाठवला आणि घरात खाणं वाढलं. यावरूनच ‘एव्हिडन्स ॲक्शन’ या अमेरिकन संस्थेने पुढे बिनव्याजी प्रवासकर्ज देणारी ‘नो लीन सीझन’ योजना मोठ्या प्रमाणावर चालवली. २०१७ मध्ये ‘गिव्हवेल’ने ती आपल्या सर्वोत्तम शिफारशींच्या यादीत घेतली.

त्याच वर्षीच्या हंगामात संस्थेने पुन्हा मोजणी करून घेतली. आणि काय निघालं? कर्जं वाटली गेली, पण बाहेर जाणारे वाढलेच नव्हते! संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं, तर कर्ज वाटणारे कर्मचारी तसेही जाणाऱ्या लोकांनाच निवडत होते.

ओळखीचं वाटतंय ना? नव्या गिऱ्हाइकांसाठी छापलेली कूपनं सेल्समन रोजच्याच गिऱ्हाइकांना वाटून टाकतो. कूपनं संपली, नवीन गिऱ्हाईक शून्य. त्यात चोरी नाही, सोपं काम आधी होतं एवढंच.

पण आपल्याकडे गल्ला बोलतो. महिनाअखेर कळतंच. मदतसंस्थेत पैसे देणारा एका देशात आणि घेणारा दुसऱ्या देशात. माल खपला नाही तरी गल्ला भरतो, म्हणून ‘इतकी कर्जं वाटली’ एवढ्यावर अहवाल छान दिसतो. तिथे शिकणं आपोआप होत नाही, पैसे खर्चून मुद्दाम करावं लागतं. या संस्थेने ते केलं. २०१८ मध्ये योजना शिफारस यादीतून बाहेर आली आणि २०१९ मध्ये संस्थेने ती जाहीरपणे बंद केली.

‘देणगीदारांचे पैसे बुडाले’ असं कुणी म्हणेल. मला पटत नाही, न मोजता चालू ठेवली असती तर जास्त बुडाले असते. रंगपूरच्या कुटुंबांचं काय, हा प्रश्न मात्र राहतोच. संस्था शहाणी झाली म्हणून मोंगा संपत नाही.

आता कुठल्याही संस्थेला देणगी देताना किती लोकांना मदत केली हे विचारूच नका. गेल्या काही वर्षांत कोणतं काम बंद केलं आणि का, ते विचारा.