हिंजवडीचं अ‍ॅप, ताम्हिणीचा फोन

मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला हिंजवडी आणि माण. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारतींत बसून इथली मुलं जगभरच्या बँकांची सॉफ्टवेअर लिहितात. पश्चिम कडेला मुळशी धरणामागची गावं आणि ताम्हिणी घाट. तिथे पावसाला तोटा नाही, पण रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. दोन्ही टोकांना फोन आहे. एका टोकाचा फोन लाखाच्या घरातला, दुसऱ्याचा सात-आठ हजारांचा आणि बहुधा हप्त्यावर घेतलेला. सरकारी कामं मात्र दोघांनाही त्याच अ‍ॅपवर करावी लागतात.

स्वस्त फोनवर लिहिताना कॅमेरा कसा आणि गेम कितपत चालतात, यावरच बहुतेकांची शाई खर्च होते. पौडच्या किंवा पिरंगुटच्या दुकानात आठ हजारांचा फोन घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. त्याला सातबाऱ्यावर भाताची नोंद करायची असते, रेशनकार्डाचं ई-केवायसी करायचं असतं, किराणावाल्याला यूपीआयने पैसे द्यायचे असतात. मुलीच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्याच फोनवर. दहा वर्षांपूर्वी असा फोन चैन म्हणून घेतला जाई. आज तो खिशातली तहसील कचेरी आहे.

आधी त्याची बाजू. २०१४ च्या सप्टेंबरात गुगलने ‘अँड्रॉइड वन’चे फोन भारतात आणले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे हे फोन ६,३९९ रुपयांपासून मिळत. त्या वेळी एवढ्या पैशात बऱ्यापैकी चालणारा फोन मिळणं ही बातमी होती. त्यानंतर २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या ‘फ्रीडम २५१’ने देशाला चार दिवस वेड लावलं आणि हसंही करून घेतलं. २०२१ च्या दिवाळीत जिओ-गुगलचा फोन आला, किंमत ६,४९९. म्हणजे सात वर्षांत तळाची किंमत जवळपास जागच्या जागी राहिली, आणि आतला माल मात्र सुधारत गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमीचा ए४ ५जी घ्या. ८,४९९ रुपयांत ५,१६० एमएएचची बॅटरी, ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, मेमरी कार्डाची सोय आणि हेडफोनचं भोक. शेवटच्या दोन गोष्टी महागड्या फोनांतून केव्हाच हद्दपार झाल्या आहेत. मोठी बॅटरी आणि कमी रिझोल्यूशनचा पडदा या जोडीमुळे स्वस्त फोन दिवसभर टिकतो, आणि डोंगरात ते फार महत्त्वाचं. रेंज कमी असली की टॉवरशी बोलायला फोन जास्त जोर लावतो आणि चार्जिंग भराभर उतरतं. त्यात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. शिवाय फोन चिखलात पडून पडदा फुटलाच, तर दुकानदाराकडून नवा पडदा दीड-दोन हजारांत बसवून मिळू शकतो. लाखाच्या फोनच्या पडद्याच्या पैशात आख्खा नवा स्वस्त फोन येतो.

आता तडजोडी. काही उघड्या असतात, त्यांत फसवणूक नाही. काही मात्र खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांआड लपवलेल्या. ‘८ जीबी रॅम’ असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात रॅम ४ जीबी. उरलेली ४ ‘व्हर्च्युअल’, म्हणजे साठवणुकीच्या जागेतलाच एक तुकडा रॅमसारखा वापरायचा. साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे त्या ८ चा अनुभव ८ चा नसतो. मागे दोन-तीन कॅमेऱ्यांच्या चकत्या दिसतात, त्यांतली एखादी निव्वळ शोभेची. ५जीचीही तीच गत. वर उल्लेख केलेला फोन बाजारात आला तेव्हा त्यातलं ५जी जिओच्या पद्धतीच्या नेटवर्कवर चालत होतं. एअरटेलचं ५जी वेगळ्या पद्धतीचं, त्यामुळे एअरटेलवाल्याला त्यावर ४जीच मिळे. खोक्यावर ‘५जी’ ठळक, ही अट बारीक.

सगळ्यात मोठी तडजोड तर खोक्यावर नसतेच. ती असते वर्षांची. नवा असताना फोन पळतो. वर्ष-दीड वर्षात अ‍ॅप फुगतात, ‘गुड मॉर्निंग’चे फोटो जागा खातात, फोन हँग होऊ लागतो. सुरक्षेचे अपडेट थांबले की बँकेचं अ‍ॅप असलेला फोन उघड्या दाराचा होतो, आणि हे मालकाला कळतही नाही.

याचा अनुभव महाराष्ट्र सरकारने स्वतःच घेतला आहे. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये राज्यभर लाखभर फोन वाटले गेले. रॅम होती २ जीबी. २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं. बालकांची उंची-वजनं, गरोदर मातांच्या नोंदी, आहारवाटप, सगळं त्यात भरायचं. ते अ‍ॅप त्या फोनवर धड चालेना. फोन तापत, मधेच बंद पडत. वॉरंटी संपून गेलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि त्या वेळचं तिचं मानधन महिना साडेआठ हजारांच्या आसपास. त्यात अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी एक साधी गोष्ट केली. प्रकल्प कार्यालयात जाऊन फोन टेबलावर ठेवले आणि परत आल्या. जिल्ह्या-जिल्ह्यांत फोनांचे ढीग लागले. पुढे सरकारला नवे फोन घ्यावे लागले.

त्या प्रसंगाकडे बहुतेकांनी मानधनाच्या, संघटनेच्या भांडणासारखं पाहिलं. खरं तर तो या देशातल्या स्वस्त फोनचा सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक ‘रिव्ह्यू’ होता. फोन वाईट होता एवढंच त्यातून निघत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फोनवर दोन वर्षांनंतरचं अ‍ॅप लादलं, आणि लादताना कुणी ते त्या फोनवर चालवून पाहिलं नाही, हा मुद्दा होता.

तो अजून सुटलेला नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाणासह पाठवायचा. कल्पना चांगली, तलाठ्याच्या अंदाजपंचे नोंदीपेक्षा केव्हाही बरी. पण खरिपाची पाहणी येते ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे मुळशीत ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही तेव्हा. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं उदाहरण आणखी बोलकं. चेहरा दाखवून घरबसल्या दाखला मिळवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, आणि त्यासाठीच्या सरकारी सूचनांत फोनला किमान ४ जीबी रॅम मागितली आहे. त्याच महिन्यात गाजावाजा करून आलेल्या त्या ६,४९९ रुपयांच्या फोनमध्ये रॅम होती २ जीबी.

फोन कमी ताकदीचा का, याचं उत्तर काही अंशी करातही आहे. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, आणि सप्टेंबर २०२५ च्या मोठ्या करकपातीतही तो तसाच राहिला. आठ हजारांना आणि दीड लाखाला दर एकच. ८,४९९ च्या फोनमध्ये सुमारे तेराशे रुपये कर आहे. त्याच फोनचं दुप्पट साठवणुकीचं मॉडेल बाजारात आलं तेव्हा फक्त हजार रुपयांनी महाग होतं. करात निम्मी जरी सूट असती, तरी मोठ्या मॉडेलचा बराचसा फरक निघाला असता. भरीला २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी उत्पादन ओढून घेतलं आणि झळ लागली ती कमीत कमी नफ्यावर विकल्या जाणाऱ्या फोनांना.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं मुख्य सुटे भाग द्यायचे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये फोनला दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याचा अहवाल सादर केला. गुण छापले जातील तेव्हा जातील. तोवर घेणाऱ्याने खोक्यावरची बेरजेची रॅम सोडून खरी रॅम विचारावी, साठवणूक १२८ जीबीच्या खाली घेऊ नये, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. लिहून देणारा दुकानदार क्वचितच भेटेल, पण विचारायला हरकत नाही.

सरकारकडे मागणं मात्र एवढ्यावर थांबू नये. दहा हजारांखालच्या फोनवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणावा. आणि कोणतंही सरकारी अ‍ॅप सक्तीचं करण्याआधी ते तीन वर्षं जुन्या, ४ जीबी रॅमच्या फोनवर, मराठीतून, अर्धवट रेंजमध्ये चालवून दाखवण्याची अट निविदेतच घालावी. चाचणीसाठी फार लांब जावं लागणार नाही. हिंजवडीहून ताम्हिणीला गाडीने दोन-अडीच तासांत पोहोचता येतं.