आयर्लंडच्या आजोबांना सरसकट नापास करू नका!

मंडळी, आयर्लंडमधल्या जुन्या लोकांच्या पावसापाण्याच्या आडाख्यांवरून हल्ली दोन तट पडलेले दिसतात. एक गट म्हणतो, सगळा अडाणीपणा! दुसरा म्हणतो, हेच खरे शास्त्र, वेधशाळा हव्यात कशाला? मला दोघेही सारखेच आळशी वाटतात. उत्तरपत्रिका न उघडता गुण देणाऱ्या परीक्षकासारखे.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जुनी माहिती लिहून आणायला सांगितली. सुमारे ५० हजार मुले कामाला लागली. (माझ्यातल्या मास्तराला हेवा वाटतो हो!) त्यात हवामान हाही विषय होता. त्या वह्या एकेक उत्तर वाचूनच तपासायला हव्यात.

पाकोळ्या खाली उडू लागल्या की पाऊस. हवा बिघडताना किडे बरेचदा जमिनीलगत राहतात, त्यांच्यामागे पाकोळ्या. चंद्राला खळे पडले की पाऊस जवळ. खळे पडते ते उंचावरच्या विरळ ढगांतल्या हिमकणांमुळे, आणि असे ढग अनेकदा अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाच्या पुढे धावतात. संध्याकाळी आभाळ तांबडे तर उद्या उघडीप. तिथे हवा बहुधा पश्चिमेकडूनच येते, आणि मावळतीकडे आभाळ मोकळे असले तरच ती लाली पसरते. याला अडाणीपणा म्हणायचे? पैकीच्या पैकी नाही, पण पास नक्की!

आता १५ जुलै, संत स्विदिनचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे ४० दिवस पडणार म्हणे! यामागे ना वारा, ना ढग. पावसाच्या नोंदींतही ते टिकत नाही. संत असले म्हणून काय झाले? शून्य गुण.

आणि वेधशाळा नकोत म्हणणाऱ्यांनो, २४ जानेवारी २०२५ चे एओविन वादळ आठवा. मेस हेडला वारा ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला होता. हवामान खात्याने आधीच लाल इशारा दिला, शाळा बंद ठेवल्या, लोक घरात थांबले. पाकोळ्या कुठे होत्या? जानेवारीत त्या आफ्रिकेत असतात!

असो. वाद घालायचाच असेल तर आधी महिनाभर रोज आकाश बघा, वहीत लिहा, पडलेल्या पावसाशी ताळा करा आणि मग या. मी आहेच.