सहल दुकानापाशीं थांबूं नये

जपानांत टोकियोहून आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासाच्या वाटेवर कावागोए हें जुनें शहर आहे. वाटाड्या बरोबर घेऊन एका दिवसांत तेथील इतिहास व खाद्यपदार्थ यांची ओळख करून घेण्यास पुष्कळ प्रवासी येतात. इतिहास सांगून पीक विकण्याची ही युक्ति आमच्या शेतकरी बंधूंनीं नीट न्याहाळण्याजोगी आहे; मात्र तींतील उणीवही तितक्याच बारकाईनें पाहिली पाहिजे.

प्रवाशास प्रथम जाड मातीच्या भिंतींचीं काळीं कोठारवजा दुकानें दाखवितात. १८९३ सालच्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला. पण १७९२ सालीं बांधलेलें अशा धर्तीचें एक घर तगलें, म्हणून व्यापाऱ्यांनीं पुढें तशींच घरें उभारलीं. दिवसांतून चार वेळां वाजणारी घंटा ऐकून मंडळी मिठाईच्या गल्लींत शिरते. तेथें जिकडे तिकडे एकच पीक दिसतें, व तें म्हणजे रताळें! भाजलेलें, तळलेलें, मिठाईंत घातलेलें, फार काय, बर्फाच्या मलईंतसुद्धां रताळेंच.

हें रताळें तेथें आलें तें दुष्काळाच्या पाठोपाठ. १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो या पंडितानें १७३५ मध्यें एडो (म्हणजे आजचें टोकियो) येथें त्याच्या लागवडीचे प्रयोग केले, आणि १७५१ मध्यें कावागोएच्या मुलखांत त्याची लागवड सुरू झाली. माल नदीनें होड्यांतून एडोस जाई. तेथील विक्रेत्यांनीं त्यास 'तेरा री' असें नांव दिलें. 'री' हें अंतराचें जुनें माप. 'कुरी' म्हणजे चेस्टनटचें फळ व नऊ री. 'योरी' म्हणजे 'पेक्षां' व चार री. दोहोंची बेरीज तेरा. म्हणजे चेस्टनटपेक्षां सरस! एडोपासून कावागोएचें अंतरही तेवढेंच मानीत. एका श्लेषानें पिकास नांव व गांवास कीर्ति मिळाली.

पण ज्या जमिनींतून हें पीक निघतें ती सान्तोमेची वसाहत शहराच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर असून बहुतेक प्रवासी ती न पाहतांच परततात. मुसाशिनोचें हें पठार ज्वालामुखीच्या राखेचें, निकस, पाण्याला दुर्मिळ; वाऱ्यानें माती उडून जावयाची. कावागोएचा सरदार यानागिसावा योशियासू यानें १६९४ ते १६९६ या काळांत तें लागवडीखालीं आणविलें. महसुलाच्या कामांत हयात गेलेल्या आम्हांस वाटण्यांनीं चिंचोळ्या झालेल्या पट्ट्या पुष्कळ ठाऊक आहेत. परंतु ही पट्टी मुळांतच विचारपूर्वक आंखलेली. रुंदी सुमारें ७२ मीटर, लांबी ६७५ मीटर. रस्त्यालगत घर, मध्यें शेत व मागें ओक जातीच्या झाडांची राई. हिंवाळ्यांत राईंतील पाला गोळा करावयाचा, कुजवावयाचा व तें खत शेतास द्यावयाचें. तीन शतकें चाललेल्या या पद्धतीस २०२३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें जागतिक कृषि-वारसा म्हणून मान्यता दिली.

मान्यता मिळाली, तरी राई सुरक्षित झाली असें नव्हे. शेतजमिनीस वारसाकरांत जी सवलत मिळते ती राईस मिळत नाहीं. म्हणून बाप वारल्यावर मुलास राईच विकावी लागते. विकलेल्या राईंच्या जागीं गुदामें व कचरा जाळण्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. १९९९ सालीं त्या भट्ट्यांच्या विषारी धुराची बातमी दूरचित्रवाणीवर झळकतांच तेथील पालकाचा भाव कोसळला. झळ लागली ती शेतकऱ्यास. मिठाईच्या दुकानास नव्हे.

कोणी म्हणेल, एका दिवसांत किती दाखवावें? आमचें उत्तर असें कीं, दोन दुकानें कमी दाखवावीं, पण राई दाखवावी. आणि सहलीच्या शुल्काचा कांहीं भाग पाला गोळा करणाऱ्यास द्यावा. ज्याच्या श्रमावर कीर्ति उभी आहे त्यासच तिचा वांटा नसेल, तर उद्यां सांगावयास कथा उरेल, पीक उरणार नाहीं.

महाराष्ट्र शासनानेंही २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें आहे. एकादशीस आपण जें रताळें खातों तें कोणत्या गांवच्या मातींतलें, हें आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल? आपल्या संस्थांनीं सहली अवश्य काढाव्यात. मात्र त्यांचा आरंभ बांधावर व्हावा, आणि पाहुण्याच्या पैशांतील पहिला वांटा बांधाच्या धन्यास मिळावा.